‘म्यूटेड’ रंग म्हणजे फिकट रंग नव्हे. मग मराठीत काय म्हणावे?

शब्दवेल्हाळ (धागाकर्ती)

युरोपात विणलेल्या जुन्या भित्तिपटांच्या एका संग्रहाविषयीचा इंग्रजी मजकूर मी सध्या मराठीत आणते आहे. त्यात रंगांच्या संदर्भात ‘म्यूटेड’ हे विशेषण चार ठिकाणी आले आहे आणि पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी ‘फिकट’ असे लिहून मी मोकळी झाले होते. संपादकांनी खर्डा परत पाठवला तेव्हा समासात एकच प्रश्न होता: “गडद पण फिकट म्हणजे नेमका कसा?” प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही.

ती चार वाक्ये साधारण अशी आहेत. पहिले, दालनाच्या भिंतींना म्यूटेड हिरवा रंग दिला आहे. दुसरे, मोठ्या भित्तिपटाची पार्श्वभूमी गडद पण म्यूटेड निळी आहे. तिसरे, उजेडामुळे पटाच्या दर्शनी बाजूचे रंग म्यूटेड झाले आहेत, पाठीमागची बाजू मात्र अजून ताजी आहे. चौथे, विणकरांनी निवडलेले रंग पेस्टल नसून म्यूटेड आहेत.

शेवटच्या वाक्यात तर ‘पेस्टल’लाही मी फिकटच म्हटले असते. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि त्यासाठी आपल्याकडे एकच शब्द चालेल का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

कुंचला

आपल्या संपादकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. रंग ‘कमी’ करण्याचे निदान तीन मार्ग चित्रकाराला ठाऊक असतात आणि बोलताना आपण ते तिन्ही एकाच शब्दात कोंबतो. रंगात पांढरा मिसळला की तो फिकट होतो, काळा मिसळला की गडद होतो आणि करडा मिसळला की त्याचा उजळपणा फारसा न बदलता त्याचा जोर उतरतो. म्यूटेड म्हणजे हा तिसरा प्रकार.

प्रत्यक्षात जाणता चित्रकार करडा रंग बाहेरून आणत नाही, तो रंगाच्या विरोधी रंगातून तयार करतो. तबकडीवर लाल रंगाचा चांगला मोठा गोळा घ्यावा आणि सुरीच्या टोकावर मावेल एवढाच हिरवा त्यात मिसळावा. पहिल्या फिरवणीत काहीच घडत नाही, दुसरीत लाल रंगाचा टणत्कार नाहीसा होतो आणि तिसरीत तो जुन्या विटेच्या जवळ जाऊन बसतो. तो लालच असतो, फिकटही झालेला नसतो, फक्त अंगावर धावून येणे त्याने सोडलेले असते. हिरवा थोडा जास्त पडला तर मात्र चिखल होतो, आणि तो चिखल पुन्हा लाल करायला किती रंग वाया जातो हे मी अनेकदा अनुभवले आहे.

इटलीतील बोलोन्या येथील चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) यांची बाटल्या आणि भांडी यांची चित्रे पाहावीत. त्यांत फिकट रंग आहेत तसेच गडदही आहेत, पण भडक रंग शोधूनही सापडणे कठीण.

उगाचच_एक

यासाठी आपल्याकडे ‘मळकट’ हा पिढीजात शब्द असताना एवढी शोधाशोध कशासाठी चालली आहे, ते कळले नाही.

रंगपेटी

‘मळकट’ला माझा सक्त विरोध आहे, कारण तो रंगाचे वर्णन करत नाही, तो रंगावर आरोप ठेवतो. इंग्रजीतही ‘डल’ आणि ‘म्यूटेड’ या दोन शब्दांनी दाखवलेला रंग पुष्कळदा एकच असतो. विकणारा त्याला म्यूटेड म्हणतो आणि ज्याला तो आवडलेला नाही तो डल म्हणतो. मराठीत ‘विटका’, ‘मळकट’, ‘कळाहीन’ हे निंदेचे शब्द आहेत, ‘सौम्य’, ‘शांत’, ‘सोज्ज्वळ’ हे कौतुकाचे, आणि ‘मळखाऊ’ हा निव्वळ व्यवहाराचा. निंदाही नाही आणि कौतुकही नाही असा मधला शब्द हवा असेल तर तो या तीन टोपल्यांच्या बाहेर शोधावा लागेल.

पिक्सेलपंत

संगणकाच्या पडद्यावर कुंचला यांचे म्हणणे आकड्यांत दाखवता येते. तिथे प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ अशा मापांनी लिहितात. शुद्ध लाल म्हणजे लाल २५५, हिरवा ०, निळा ०. आता दोन नमुने घेऊ. पहिला २५५, २०४, २०४ असा, हा फिकट गुलाबी. दुसरा १७८, १०२, १०२ असा, हा म्यूटेड लाल. दोन्ही शेजारी ठेवले की फरक समजावून सांगावा लागत नाही.

गंमत अशी की एचएसएल या प्रचलित मोजणीत पहिल्या, म्हणजे अगदी नाजूक गुलाबी रंगाची संपृक्तता, म्हणजे रंगाचा जोर, पूर्ण १०० टक्के भरते आणि दुसऱ्याची जेमतेम ३३ टक्के. एचएसव्ही ही दुसरी पद्धत वापरली की तोच फिकट गुलाबी २० टक्क्यांवर घसरतो आणि म्यूटेड लाल सुमारे ४३ टक्क्यांवर चढतो, म्हणजे क्रम चक्क उलटतो. त्यामुळे ‘संपृक्तता कमी केली की रंग म्यूटेड होतो’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर कोणत्या मोजणीतली संपृक्तता, असे आधी विचारावे.

चौथी_तार

हा शब्द मुळात आमच्या प्रांतातला असल्यामुळे लिहिण्याचा मोह आवरत नाही. व्हायोलिनच्या घोडीवर रबराचा किंवा लाकडाचा एक छोटा चिमटा बसवतात, त्याला म्यूट म्हणतात. तो बसवल्याने आवाज लहान होतो, असा ऐकणाऱ्यांचा समज असतो. आवाज काही प्रमाणात लहान होतो हे खरे, पण तेवढेच हवे असते तर गज हलका चालवूनही भागले असते. चिमट्याच्या वजनामुळे घोडीची थरथर, विशेषतः उंच स्वरांशांची, दबते आणि नादाची धार जाते. म्यूट लावूनही जोरात वाजवता येते, तरी तो नाद दाराआडून आल्यासारखाच वाटतो.

रंगाचेही तेच होत असावे. फिकट रंग म्हणजे हळू वाजवलेला स्वर आणि म्यूटेड रंग म्हणजे चिमटा लावलेला स्वर, मग तो मोठ्याने वाजो की हळू. ‘गडद पण म्यूटेड’ या वाक्यात मला तरी काहीच विसंगती दिसत नाही. आवाजाला आपण ‘दबका’ म्हणतो, तर रंगाला ‘दबका निळा’ म्हणायला काय हरकत आहे?

रंगपेटी

चौथी_तार यांची उपमा चपखल आहे, पण ‘दबका’ म्हटले की मला कुजबुज ऐकू येते. दबक्या आवाजात बोलणाऱ्याला काहीतरी लपवायचे असते, बिचाऱ्या निळ्या रंगाला लपवण्यासारखे काय आहे?

मोजपट्टी

थोडी शिस्त आणण्याचा प्रयत्न करतो. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने आणि कलाशिक्षकाने १९०५ मध्ये आपली रंगलेखनाची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. तिच्यात प्रत्येक रंगाला तीन मापे आहेत: रंग कोणता, तो किती उजळ आणि त्यात रंगाचा जोर किती. या तिसऱ्या मापाला त्याने क्रोमा असे नाव दिले. त्याच्या लेखनात ५ आर ८/४, ५ आर ५/४ आणि ५ आर ३/४ हे तिन्ही लालच आहेत आणि तिघांचा क्रोमा ४ म्हणजे बेताचाच आहे. बदलतो तो उजळपणा: पहिला फिकट गुलाबी दिसतो, दुसरा विटकरीकडे झुकतो आणि तिसरा काळपट तांबडा. याउलट ५ आर ४/१४ म्हणजे डोळ्यांत भरणारा लाल. म्यूटेड म्हणजे तिरक्या रेघेनंतरचा आकडा लहान, एवढी व्याख्या मला पुरेशी वाटते. ‘फिकट’ हा शब्द रेघेच्या आधीच्या आकड्याविषयी बोलतो. संपादकांच्या समासातील प्रश्नाचे उत्तर त्या एका तिरक्या रेघेत आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतील इंटर-सोसायटी कलर कौन्सिल आणि नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स यांनी १९५५ मध्ये सर्व रंगांची २६७ गटांत नावनिशीवार विभागणी प्रसिद्ध केली. तिच्यात ‘व्हिव्हिड’, ‘स्ट्राँग’, ‘मॉडरेट’, ‘पेल’, ‘ग्रेइश’ अशी विशेषणे अगदी काटेकोरपणे ठरवून दिली आहेत, पण ‘म्यूटेड’ त्यांत कुठेही नाही. मापनाच्या परिभाषेत ज्याला जागा मिळाली नाही, तो शब्द सजावटीच्या पुस्तिकांत मात्र पानोपानी भेटतो.

उगाचच_एक

‘मॉडरेट’ला आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी केव्हाच ‘मवाळ’ ठरवून टाकले आहे. त्या न्यायाने हा ‘मवाळ निळा’ झाला, आणि भडक लाल रंगाला आपण ‘जहाल’ म्हणू. दोघे एकाच भिंतीवर आले की रंगसंगतीत फूट पडणार हे ओघानेच आले.

मोजपट्टी

विनोद म्हणून लिहिले असले तरी ‘मवाळ’ मला पटू लागला आहे, याची नोंद घ्यावी.

हिराकसवाली

मी वनस्पतींपासून रंग काढून सूत रंगवते. आमच्या कामात रंगाचा जोर उतरवण्याची कृती अगदी ठरलेली आहे आणि तिच्यामागे रसायन आहे. तुरटी लावलेले सूत मंजिष्ठेच्या काढ्यात शिजवले की स्वच्छ तांबडा रंग येतो. त्याच भांड्यात नंतर चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचे क्षार, विरघळवून सूत पुन्हा सोडले की डोळ्यांदेखत रंग खाली बसायला लागतो. लाकडी दांड्याने लड उचलून पाहावी तर आधी तपकिरी झाक दिसते, आणि हात आवरला नाही तर पुढे जांभळट काळपटपणा येतो. पांढरे काहीही मिसळलेले नसते, त्यामुळे रंग फिकट होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इंग्रजी रंगाऱ्यांच्या भाषेत या कृतीला ‘सॅडनिंग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः रंगाला उदास करणे. जुन्या इंग्रजीत ‘सॅड’ रंग म्हणजे गडद, गंभीर, बिनभपक्याचा रंग. मनाच्या उदासीशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. म्हणून ‘दबका’ आणि ‘मवाळ’ यांच्या जोडीला ‘उदास निळा’ हाही विचारात घ्यावा, असे सुचवते.

तिरकी_रेघ

इतक्या खटाटोपाऐवजी ‘म्यूटेड’ असेच देवनागरीत का लिहू नये? ज्यांना आपण अस्सल इंग्रजी रंगनामे समजतो तीही बहुतांशी उसनीच आहेत. ‘बेज’ हे न रंगवलेल्या लोकरीचे फ्रेंच नाव, ‘एक्रू’ म्हणजे फ्रेंचमध्ये कच्चे, न धुवटलेले कापड, ‘टोप’ म्हणजे फ्रेंचमधला चिचुंदरीसारखा बिळात राहणारा प्राणी, आणि ‘खाकी’ तर आपल्या दारावरूनच तिकडे गेला, कारण खाक म्हणजे धूळ. ‘ड्रॅब’ हा शब्दसुद्धा कापड या अर्थाच्या फ्रेंच ‘द्रा’वरून आला. बिनरंगी कापडाचा रंग तो ड्रॅब, आणि पुढे प्रत्येक कंटाळवाण्या गोष्टीला ड्रॅब म्हणू लागले. त्यांनी एवढे उचलले, तर आपण एक शब्द उचलल्याने काय बिघडणार आहे?

शब्दवेल्हाळ

तिरकी_रेघ, उसनवारीला माझा तात्त्विक विरोध नाही, आणि ‘पेस्टल’ मी तसाच ठेवणार आहे. मात्र ‘पेस्टल’ वाचून काय दिसायला हवे ते वाचकाला ठाऊक असते, ‘म्यूटेड’ वाचून तो मोबाइलचे बटण आठवेल. शिवाय आपण दिलेल्या यादीवरून एक गोष्ट लक्षात आली: ती सगळी नावे वस्तूंची आहेत. लोकर, कापड, धूळ, प्राणी. ‘म्यूटेड’ ही वस्तू नाही, रंगाच्या बाबतीत घडलेली क्रिया आहे. त्यामुळे मला नाम नको, क्रियापदातून आलेले विशेषण हवे आहे.

कुंचला

पेस्टलचा विषय निघालाच आहे तर थोडे अवांतर. पेस्टल हे मूळ रंगाचे नाव नव्हे, ते माध्यमाचे नाव आहे. रंगाची पूड, खडूसारखा पांढरा घटक आणि थोडासा डिंक मळून केलेल्या कांड्या म्हणजे पेस्टल. इटालियन ‘पास्तेल्लो’चा संबंध मळलेल्या गोळ्याशी आहे. पांढरा मिसळलेल्या कांड्यांवरून पुढे फिकट गोड रंगांना ते नाव पडले. देगा या फ्रेंच चित्रकाराच्या पेस्टलमधील नर्तकी पाहिल्या तर नारिंगी आणि निळा अक्षरशः पेटलेले दिसतात. म्हणजे पेस्टलमध्ये काढलेले चित्र पेस्टल रंगाचे असेलच असे नाही.

धग

धागा सुरुवातीपासून वाचते आहे. कुंचला यांच्या ‘पेटलेले’ या शब्दाशी थांबले, कारण मला वाटते उत्तर तिथे आहे.

इंग्रजी भाषा रंगाचा जोर कानाने मोजते. तिथे भडक रंग ‘लाउड’ असतो, उतरवलेला रंग ‘म्यूटेड’ असतो आणि छटेला ‘टोन’ म्हणतात. मराठी तो जोर कानाने मोजत नाही, विस्तवावरून मोजते. आपला रंग ‘भडक’ असतो, म्हणजे भडकलेला. तो ‘जळजळीत’ असतो, कधी ‘धगधगीत’ असतो. मग त्याच्या उलट टोकाचा शब्द ध्वनीच्या घरात शोधून कसा सापडेल? ‘दबका’ कानाला खटकतो तो त्यामुळे. विस्तवाच्या घरात शोधले तर शब्द समोरच आहेत: मंद आच, मंद ज्योत, म्हणून ‘मंद’ रंग. आणि जो भडकलेला होता पण शांत झाला तो ‘निवलेला’. निखाऱ्यावर राखेचा पातळ थर धरतो तेव्हा आतला तांबडा पुसला जात नाही, फक्त त्याची धग वर येत नाही. कुंचला यांनी सांगितलेला करडा म्हणजे ती राख, आणि राखाडी हे रंगनाम आपण राखेवरूनच घेतले आहे.

चौथी_तार

माझा ‘दबका’ मी विनातक्रार मागे घेतो. ‘निवलेला’ फार सुंदर आहे.

तिरकी_रेघ

सुंदर आहे हे मान्य, पण ‘मंद’ला माझा आक्षेप आहे. मंद प्रकाशात पाहिलेला निळा आणि मंद निळा यांत वाचकाची गफलत होईल. दालनातील दिवे मंद ठेवले आहेत असे त्या मजकुरात कुठेतरी असणारच.

शब्दवेल्हाळ

आहे, आणि नेमके दुसऱ्या वाक्याच्या आधीच्याच ओळीत आहे.

मोजपट्टी

उजेडाचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. तिन्हीसांजेला बागेतील तांबडी फुले पाहावीत. उजेड ओसरू लागला की ती सर्वांत आधी काळवंडतात, आणि निळी फुले व पाने तुलनेने उजळ राहतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे टिपले, म्हणून या बदलाला त्याचे नाव आहे. त्यामुळे मंद दिव्यांखाली टांगलेल्या पटातील कोणता रंग मुळात निवलेला आहे आणि कोणता केवळ तसा दिसतो आहे, हे नुसते पाहून ठरवणे अवघडच.

कुंचला

शेजारचा रंगही फसवतो, आणि हा शोध भित्तिपटांच्याच कारखान्यात लागला. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातील रंगविभागाचे संचालक, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा धागा पुरेसा काळा नसल्याची तक्रार आली होती. धागा तपासला तर त्याच्या रंगात काही खोट नव्हती. दोष शेजारच्या रंगांचा होता, त्यांच्या सान्निध्यात काळा उतरलेला दिसत होता. या विषयावरचे त्यांचे मोठे पुस्तक १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा भिंतीचा हिरवा रंग निवलेला ठेवला आहे तो उगाच नव्हे, भडक हिरव्या भिंतीवर पटातील प्रत्येक हिरवे पान पडलेले दिसले असते.

शब्दवेल्हाळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच शब्द चारही ठिकाणी बसवण्याचा हट्ट मी सोडला आहे. भिंती ‘सौम्य हिरव्या’ राहतील, तिथे थोडे कौतुक चालेल. चौथे वाक्य असे होईल: “विणकरांनी निवडलेले रंग पेस्टलसारखे पांढऱ्याने उजळलेले नाहीत, ते करड्याने निवलेले आहेत.” दुसऱ्यात ‘गडद पण निवलेला निळा’. तिसऱ्यात, “दर्शनी बाजूचे रंग निवले आहेत.”

हिराकसवाली

चौथे आणि दुसरे उत्तम झाले आहे. तिसरे मात्र मला मान्य नाही, आणि तिथे चूक आपली नसून मूळ लेखकाची आहे. रंगाऱ्याने हिराकस घालून रंग उतरवणे आणि उजेडाने रंग खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत रंग निवतो, दुसरीत तो विटतो किंवा उडतो. शिवाय उजेड सगळ्या रंगांना सारखा खात नाही. युरोपातील जुन्या पटांत हिरवा रंग साधारणपणे दोन थरांत येई: वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा, आणि वोड ही दुसरी वनस्पती किंवा नीळ यांचा निळा. पिवळा उजेडात टिकत नाही, निळा टिकतो. म्हणूनच जुन्या पटांतील झाडी पुष्कळदा निळी दिसते. ती विणताना हिरवी होती. आपल्याकडे पाठीमागच्या बाजूचे छायाचित्र असेल तर पाने ताडून पाहावीत.

शब्दवेल्हाळ

छायाचित्र होते, ते मोठे करून पाहिले. समोरून पाने निळसर आहेत आणि मागून ती स्वच्छ हिरवी आहेत, त्यामुळे तिसऱ्या वाक्यात ‘विटले आहेत’ असे करते.

अडचण आता दुसऱ्या वाक्याची झाली आहे. ज्या ‘गडद पण निवलेल्या निळ्या’ पार्श्वभूमीसाठी आपण सर्वांनी एवढा वेळ दिला, ती पाठीमागून गडद हिरवी आहे.

उगाचच_एक

संपादकांच्या समासात आता आपणच प्रश्न लिहून पाठवावा.